हक्कावर पाणी सोडताना



संक्रांतीच्या कार्यक्रमात तिळगूळ वाटून झाल्यावर आम्ही उभयता हॉलच्या एका कोपऱ्यात कागद पसरून बसलो होतो, हे बऱ्याच जणांनी पाहिले. "काय हो, घर घेताय की विकताय?" असे दोघातिघांनी विचारलेही. तेव्हा हसून वेळ मारून नेली. संपादकांनी मात्र पिच्छा पुरवला, म्हणून त्या कागदाची हकीकत आणि त्याच्या निमित्ताने आम्ही वाचलेला थोडा इतिहास या अंकात सांगत आहोत.

कागद गोव्याहून आला होता. आम्हा दोघांपैकी एकीचे माहेर डिचोली तालुक्यातले, म्हणजे नव्या काबिजादीतले. आजोबांच्या नावावरचे जुने घर आणि त्याला लागून माडा-पोफळीचे कुळागर. वडील गेले, काका त्याआधीच गेले. कुळागर आज दादा बघतो, पाणी तोच लावतो, पाडेली तोच शोधतो. तेव्हा जमीन त्याच्या नावावर व्हावी यात कोणाचेच दुमत नव्हते. प्रश्न होता फक्त कागदाचा.

गोव्यातले कागद आपल्या देशावरच्या कागदांहून थोडे वेगळे असतात. तिथे १८६७ चा पोर्तुगीज नागरी कायदा १८७० पासून लागू झाला आणि १९६१ नंतरही चालू राहिला. त्यातला वारसाहक्काचा भाग २०१६ पासून गोव्याच्या स्वतःच्या कायद्यात आला, पण मूळ तत्त्वे तीच. मुलगा-मुलगी यांचा वाटा सारखा. नवरा-बायकोची मालमत्ता समाईक. त्यामुळे बहिणीने हक्क सोडायचा तर तिच्या नवऱ्याचीही सही लागते. म्हणूनच हा लेख 'आम्ही' लिहीत आहोत. सह्या दोघांच्या होत्या.

काकांचा मुलगा लिस्बनला असतो. त्याची बायको पोर्तुगीज. तिचीही सही हवी, पण तिला इंग्रजी फारसे येत नाही आणि न समजणाऱ्या कागदावर सही करणार नाही असे तिने स्पष्ट कळवले. (हा तिचा शहाणपणा पुढे आमच्याही उपयोगी पडला.) तेव्हा इंग्रजी मसुद्याचे पोर्तुगीज करण्याचे काम आमच्या गळ्यात आले, कारण आमच्या शेजारी मडगावच्या एक आजी राहतात. ऐंशी ओलांडल्या आहेत, पण पणजीच्या लिसेवमध्ये शिकलेल्या. पोर्तुगीज अजून स्वच्छ.

मसुद्यात एका ओळीत तीन क्रियापदे होती: वेव्ह, रिलिंक्विश आणि रिनाउन्स. तिन्हींचा अर्थ आमच्या मते एकच, 'सोडणे'. आजींनी चष्मा पुसला, ओळ दोनदा वाचली आणि विचारले, "बाये, कोणाक दिता तें पयलीं सांग." म्हणजे, हक्क कोणाला देतेस ते आधी सांग. आम्ही म्हटले, "देत नाही आजी, सोडतोय." त्या म्हणाल्या, "तें वेगळें."

हे 'वेगळे' काय, ते समजून घेण्यात आमचे तीन रविवार गेले.

सोडण्याचे शब्द

पोर्तुगीजमध्ये 'रेनुन्सियार' म्हणजे आपण बाजूला होणे. हक्क कोणाच्या हाती जाईल ते कायदा ठरवतो, आपण नाही. 'सेदेर' म्हणजे आपला हक्क अमुक एका माणसाला देणे. 'देझिश्तिर' म्हणजे चालू असलेला दावा किंवा प्रयत्न सोडून देणे. वारसा नाकारायचा तर आणखी वेगळा शब्द आहे, 'रेपुदियार'. आणि घरच्या बोलण्यात 'अब्रिर मांव' म्हणतात, म्हणजे शब्दशः 'हात उघडणे'. मुठीत होते ते जाऊ दिले.

हे ऐकल्यावर आमच्या लक्षात आले की मराठीही काही कमी नाही. आपण म्हणतो 'हक्कावर पाणी सोडले'. दान देताना तळहातावर उदक घेऊन ते सोडायचे, त्यातून हा वाक्प्रचार आला. तिथेही मूठ उघडीच लागते! 'घरादारावर तुळशीपत्र ठेवले' हा त्याचाच भाऊ. जुन्या मोडी कागदांत 'बेदावा' आणि 'फारखत' भेटतात, आणि आजच्या कचेरीत 'हक्कसोडपत्र'. दानात घेणारा समोर असतो. बेदाव्यात 'माझा दावा नाही' एवढेच म्हणणे असते. म्हणजे आजींनी सांगितलेला फरक आपल्या भाषेतही होता, आपणच विसरलो होतो.

इंग्रजीतल्या 'वेव्ह'ची गोष्ट तर चमत्कारिक आहे. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये गुन्हेगार पुरुषाला कायद्याबाहेर घालवत, त्याला 'आउटलॉ' म्हणत. पण स्त्रिया कायद्याच्या शपथेत पुरुषांसारख्या बांधलेल्याच नसत, मग त्यांना बाहेर कसे काढणार? म्हणून स्त्रीला 'वेव्ह' करत, म्हणजे टाकून देत. आज बहिणी ज्या शब्दाखाली सही करतात, त्या शब्दाने एके काळी बाईच टाकली जात असे.

इंग्रजी 'वेव्ह'चा आणखी एक स्वभाव ध्यानात ठेवण्यासारखा आहे. इंग्रजी कायद्यात हक्क लिहून सोडता येतो, तसाच नुसत्या वागण्यानेही सुटू शकतो. याचा पुढे संबंध येणार आहे.

मुंबई दिली, पण कुठपर्यंत?

इंग्रजी आणि पोर्तुगीज कागदांची आपल्या भूमीवर झालेली सर्वांत मोठी गाठ म्हणजे मुंबईचे हस्तांतर. 'मुंबई आंदण दिली' हे वाक्य आपण शाळेत पाठ केले. पण लग्न ठरले १६६१ साली आणि मुंबई इंग्रजांच्या हातात पडली १६६५ साली. मधल्या चार वर्षांत काय चालले होते? तर कागदाचा अर्थ लावणे चालले होते.

पोर्तुगालला त्या काळी स्पेनचा आणि डचांचा धाक होता. इंग्लंडचा आधार हवा म्हणून राजकन्या कॅथरीन हिचे लग्न दुसऱ्या चार्ल्सशी ठरवले. २३ जून १६६१ रोजी तह झाला. हुंड्यात वीस लाख क्रुझाद, आफ्रिकेतले टँजिअर आणि अकराव्या कलमाने मुंबई. त्या कलमात पोर्तुगालचा राजा मुंबईचे बंदर आणि बेट इंग्लंडच्या राजाला देतो, हस्तांतरित करतो, बहाल करतो आणि कायम करतो, अशी क्रियापदांची माळच लावलेली आहे. कोणाला दिले हेही स्पष्ट: राजाला आणि त्याच्या वारसांना. सार्वभौमत्वही स्पष्ट शब्दांत दिले. सोडण्याच्या बाजूने पाहिले तर इतका पक्का कागद विरळा.

घोळ झाला तो क्रियापदाच्या शेपटात. बंदर आणि बेट, आणि 'त्यास लागून असलेले सर्व हक्क, उत्पन्न, प्रदेश व जे जे काही असेल ते'. मुंबईला लागून काय काय आहे, हे लंडनमध्ये कोणाला ठाऊक होते? लॉर्ड चॅन्सेलर क्लॅरेंडन यांच्या लेखनात तर मुंबई ब्राझीलपासून अगदी थोड्या अंतरावर असल्याचे म्हटले आहे!

१६६२ च्या सप्टेंबरात अर्ल ऑफ मार्लबरोचे आरमार मुंबईत पोचले. होणारा गव्हर्नर सर अब्राहम शिपमन आणि त्याची पलटण याच मोहिमेतली. इंग्रजांनी मुंबईबरोबर साष्टी आणि ठाणेही मागितले. पोर्तुगीज म्हणाले, दिले आहे ते एक बेट. साष्टी वेगळी, माहीमही वेगळे. नवा व्हाइसरॉय अंतोनियो दि मेलो कास्त्रो याला मुंबई द्यायचीच नव्हती. आपण देत आहोत ते बंदर काय मोलाचे आहे, हे लिस्बनपेक्षा त्याला जास्त कळत होते. त्याने शिपमनच्या अधिकारपत्रांत नमुन्याचा दोष काढला: पोर्तुगालच्या रिवाजाप्रमाणे ती लिहिलेली नाहीत, सबब ताबा देता येत नाही.

आरमार परत गेले. शिपमन आणि त्याचे शिपाई अडकले. सुरतेला राहावे तर मोगलांची मर्जी जाईल अशी तिथल्या इंग्रज वखारवाल्यांना भीती. शेवटी ते कारवारजवळच्या अंजदीव बेटावर जाऊन राहिले. तिथले पाणी, हवा आणि उपासमार यांनी पलटणीचा फडशा पाडला. शिपमन १६६४ च्या एप्रिलमध्ये तिथेच मेला. शेकडो माणसांपैकी मुंबईत पाऊल टाकायला साधारण शंभरच उरली. कागदाच्या अर्थापायी मेलेल्या त्या शिपायांपैकी कितींना तो कागद वाचता येत होता, कोण जाणे.

शिपमनचा चिटणीस हंफ्री कूक याने शेवटी तडजोड केली. १८ फेब्रुवारी १६६५ रोजी दोना इग्नेझ द मिरांदा या बाईंच्या वाड्यात ताबा दिला गेला. ताब्याचा विधी वाचण्यासारखा आहे. कूक बेटावरून चालला, हातात माती आणि दगड घेतले, बुरुजांवर फिरला, भिंतींना हात लावला. ज्यांनी गावी जमिनीचा ताबा घेताना पाहिला आहे त्यांना हे ओळखीचे वाटेल.

पण कूकने मान्य केलेल्या अटी इतक्या आखूड होत्या की इंग्लंडच्या राजाने त्या नाकारल्या. इकडे कूकने स्वतःच पुढे माहीम बळकावले. इंग्रजांचा युक्तिवाद असा की, ओहोटीला एका बेटावरून दुसऱ्या बेटावर चालत जाता येते, म्हणजे बेट एकच. भरती-ओहोटीवर तहाचा अर्थ बदलतो हे जगात दुसरीकडे कुठे झाले असेल असे वाटत नाही. व्हाइसरॉयने तर जानेवारी १६६५ मध्येच आपल्या राजाला कळवून टाकले होते की, इंग्रज मुंबईत स्थिरावतील त्या दिवशी हिंदुस्थान आपल्या हातून गेले असे समजावे.

साष्टी मात्र इंग्रजांना त्या कागदाने मिळाली नाही. ती पोर्तुगीजांकडेच राहिली आणि १७३७ साली मराठ्यांनी घेतली. वसई १७३९ ची, ते सर्वांना ठाऊक आहेच. इंग्रजांनी साष्टी घेतली ती १७७४ साली, मराठ्यांकडून, तलवारीने.

आणखी एक भानगड होती. राजाने सार्वभौमत्व दिले, पण बेटावरच्या शेतांचे आणि माडांचे पोर्तुगीज मालक होते, त्यांचे काय? राजाचा हक्क गेला म्हणजे त्यांचाही गेला का? इंग्रज म्हणत गेला, ते म्हणत नाही. हे भांडण गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअरने १६७२ साली मिटवले. जमीनदारांनी मिळून कंपनीला वर्षाला २०,००० अश्रफी द्यायच्या आणि जमिनी आपल्याकडे ठेवायच्या. पोर्तुगीज 'फझेंदा' या शब्दावरून आलेली 'फझेंदारी' मुंबईच्या जमिनींच्या कागदांत अजून दिसते, ती याच काळाची खूण.

इथे लंडनला राहणाऱ्यांसाठी एक गंमत. २७ मार्च १६६८ च्या सनदेने चार्ल्सने मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला दिली, वर्षाला दहा पौंड सोन्याच्या खंडणीवर. आणि कायद्याच्या भाषेत ती दिली 'ईस्ट ग्रिनिचच्या जहागिरीतली जमीन' या नात्याने! रविवारी मुलांना घेऊन ग्रिनिचला जाल तेव्हा सांगा, की कागदोपत्री एके काळी गिरगाव या टेकडीच्या हिशेबात धरले होते.

दिले, पण काय दिले?

दुसरी हकीकत आपल्या अधिक जवळची आहे, कारण तिथला एक कागद मराठीत आहे.

१७७९ साली पुण्याच्या दरबाराने पोर्तुगीजांशी तह केला. सवाई माधवराव लहान, कारभार नाना फडणीसांच्या हाती, इंग्रजांशी युद्ध चालू. अशा वेळी पोर्तुगीजांची मैत्री हवी होती. त्या तहात दमणजवळच्या गावांचे १२,००० रुपयांचे उत्पन्न पोर्तुगीजांना द्यायचे ठरले, आणि पुढे १७८३ व १७८५ च्या सनदांनी ती गावे लावून दिली. हीच दादरा आणि नगर हवेली.

पावणेदोनशे वर्षांनी हा कागद हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाऊन पोचला. १९५४ च्या जुलै-ऑगस्टमध्ये दादरा आणि नगर हवेली स्वयंसेवकांनी मुक्त केली. दमणहून तिथे जायचे तर भारताच्या हद्दीतून जावे लागे आणि भारताने वाट अडवली. १९५५ साली पोर्तुगालने दावा लावला: ही गावे पेशव्यांनी आम्हाला दिली, आम्ही तिथले सार्वभौम, सबब आम्हाला वाटेचा हक्क आहे. भारताच्या वतीने खास न्यायमूर्ती म्हणून बसले होते ते मुंबई उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश एम. सी. छागला.

आता सगळा प्रश्न आला 'दिली' या शब्दावर. पुण्याच्या दरबारात 'गाव दिले' याचे किती अर्थ होते! इनाम दिले, जहागीर दिली, सरंजामास लावून दिले. सरंजामदाराला गाव दिले म्हणजे वसूल त्याचा, धनीपण सरकारचेच. हे पुण्याच्या कोणत्याही कारकुनाला सांगावे लागत नव्हते. पण युरोपच्या भाषेत राजाने दुसऱ्या राजाला गाव 'दिले' म्हटले की राज्यच दिले असे ऐकू येते. न्यायालयापुढे तहाचे जे मजकूर आले त्यांतही आपसांत फरक होते.

१२ एप्रिल १९६० रोजी निकाल लागला. न्यायालयाने म्हटले की मराठ्यांनी दिला तो महसुलाचा हक्क, जहागीर किंवा सरंजाम. सार्वभौमत्व दिले नाही. त्यासाठी दिलेले एक कारण आम्हाला फार पटले. मराठ्यांना जेव्हा प्रदेश कायमचा आणि सार्वभौमत्वासह द्यायचा असे, तेव्हा ते तसे स्पष्ट लिहीत, हे त्यांच्या दुसऱ्या तहांवरून दिसते. इथे तसे लिहिलेले नाही. म्हणजे जो शब्द लिहिला नाही, त्यानेही साक्ष दिली. पेशव्यांच्या दप्तरातल्या कारकुनांना, हे वाचताना, आम्ही मनोमन नमस्कार केला.

पण गोष्ट इथे संपत नाही. त्याच निकालात पुढे म्हटले आहे की, मराठ्यांचे राज्य जाऊन इंग्रज आले, तेव्हा त्यांना त्या गावांत पोर्तुगीजांचाच एकछत्री अंमल दिसला. इंग्रजांनी त्याला हरकत घेतली नाही, स्वतः धनीपण सांगितले नाही. अशा रीतीने, बोलण्याने नव्हे तर वागण्याने, पोर्तुगीजांचे सार्वभौमत्व मान्य झाले. पुण्याने जे लिहून दिले नव्हते ते कलकत्त्याच्या आणि मुंबईच्या मौनाने गेले. इंग्रजी 'वेव्ह'चा जो स्वभाव वर सांगितला, तो हाच.

शेवटी न्यायालयाने ११ विरुद्ध ४ मतांनी ठरवले की १९५४ साली पोर्तुगालला खाजगी माणसे, मुलकी अधिकारी आणि सामान्य माल नेण्यापुरता वाटेचा हक्क होता; ८ विरुद्ध ७ मतांनी ठरवले की फौज, सशस्त्र पोलीस आणि हत्यारे नेण्याचा नव्हता; आणि ९ विरुद्ध ६ मतांनी ठरवले की भारताने वाट अडवून आपले कर्तव्य मोडले नाही. आठ विरुद्ध सात! शब्दांचे वजन किती, ते या आकड्यांवरून दिसते.

सोडले, पण ते होते कोणाचे?

तिसरा कागद ३१ डिसेंबर १९७४ चा. गोवा १९ डिसेंबर १९६१ रोजी मुक्त झाला, पण पोर्तुगालने तेरा वर्षे ते मान्य केले नाही. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनची हुकूमशाही उलथली. त्यानंतर नवे परराष्ट्रमंत्री मारियु सुआरेश दिल्लीला आले. समोर सही करायला होते आपले यशवंतराव चव्हाण. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात ते परराष्ट्रमंत्री झाले होते. तह तीन भाषांत केला: हिंदी, पोर्तुगीज आणि इंग्रजी.

आता क्रियापद कोणते घालायचे? फ्रान्सने २८ मे १९५६ च्या तहाने पाँडिचेरी भारताला दिली, तेव्हा 'सोपवणे' याच अर्थाचा शब्द वापरला आणि भारताने तो घेतला. पण गोव्याच्या बाबतीत 'पोर्तुगाल भारताला देतो' असे लिहिले असते तर त्याचा अर्थ काय झाला असता? १९६१ ते १९७४ गोवा कायद्याने पोर्तुगालचाच होता आणि आज मिळतो आहे, असा. 'हक्क सोडतो' लिहिले तरी तेच. सोडायला आधी हातात असावे लागते. म्हणून तहात देणे नाही, सोडणेही नाही. तिथे आहे 'मान्य करणे'. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली यांवरील भारताचे पूर्ण सार्वभौमत्व पोर्तुगाल मान्य करतो, आणि तेही हे प्रदेश घटनेप्रमाणे भारताचे भाग झाले त्या तारखांपासून. क्रियापद एक, आणि तेरा वर्षांचा वाद त्यात मिटला. कराडकरांच्या त्या सहीखालचा हा शब्द आम्हाला इतकी वर्षे ठाऊक नव्हता.

आपल्या खिशातला कागद

हे सगळे राजेरजवाड्यांचे झाले, असे कोणी म्हणेल. पण आपल्यापैकी बहुतेकांच्या घरी सोडण्याचा एक तरी कागद आहे. ब्रिटिश नागरिकत्व घेताना इथल्या शपथेत भारताचे नाव टाकायला कोणी सांगत नाही. तरीही भारताच्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या नवव्या कलमाने, दुसऱ्या देशाचे नागरिकत्व आपखुशीने घेतले की भारताचे आपोआप संपते. आपण ते 'सोडले' असे कुठे लिहून दिले होते? वागण्याने सुटले. नंतर पासपोर्ट जमा करताना जो कागद मिळतो, तो सुटून गेलेल्या गोष्टीची फक्त पावती.

स्विंडनला गोव्याची जी कुटुंबे आहेत, त्यांची तऱ्हा उलटी. १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्यांना आणि त्यांच्या पुढच्या पिढ्यांना पोर्तुगालचा कायदा आपले म्हणवून घेऊ देतो. त्या पासपोर्टवर अनेक जण २०२० अखेरपर्यंत या देशात कामाला येऊ शकले. त्यांच्यापैकी एकाने आम्हाला सांगितले, "लिस्बनला आजोबांचा जन्म नोंदवला तेव्हा काही मिळाले एवढेच वाटले. काही सुटले, हे नंतर कळले." यात कोणाला नावे ठेवण्याचा हेतू नाही. पोटासाठी आपण सगळेच काहीतरी सोडून इथे आलो. काय सोडतो आहोत ते सही करण्याआधी कळावे, एवढेच.

आमच्या कागदाचे काय झाले?

तिसऱ्या रविवारी आजींनी मसुद्याच्या दुसऱ्या पानावर बोट ठेवले. तिथे लिहिले होते, 'सर्व हक्क, आजचे आणि यापुढे प्राप्त होणारे'. त्यांनी विचारले, "आई आहे ना तुझी?"

आई आहे. ब्याऐंशी वर्षांची, त्याच घरात राहते. आणि गोव्याच्या कायद्याने वडिलांच्या वाट्यातल्या निम्म्याची ती स्वतः मालकीण आहे. 'यापुढे प्राप्त होणारे' या शब्दांनी आम्ही तिच्या वारशावर तिच्या हयातीतच पाणी सोडत होतो! पोर्तुगीज परंपरेत जिवंत माणसाचा वारसा आधी नाकारता येत नाही, आणि भारतीय कायद्यातही उद्याच्या वारशाची नुसती आशा कोणाला देता येत नाही. पण कायदा बाजूला ठेवा. आईला हे वाचून दाखवले असते तर तिला काय वाटले असते?

दादाला फोन केला. आधी तो जरा दुखावला. "ताई, माझ्यावर विश्वास नाही का तुझा?" असे म्हणाला. त्याला वाचून दाखवले, तेव्हा गप्प झाला. मग म्हणाला, "हे मी वाचलंच नव्हतं गो. वकिलाकडचा छापील नमुना होता." त्याची चूक नव्हती. छापील नमुन्याला घर माहीत नसते.

आता नवा कागद झाला आहे. वकिलाने तपासून दिलेला, तीन भाषांत, तीन रकान्यांत. इंग्रजीतली तीन क्रियापदे काढून एकच ठेवले. पोर्तुगीजमध्ये आजींनी 'रेनुन्सियार' खोडून 'सेदेर' घातले, कारण आम्ही नुसते बाजूला होत नव्हतो, दादाला देत होतो, आणि त्याचे नाव तिथे असायला हवे होते. मराठीत आम्ही लिहिले, 'आमचा हिस्सा बंधूस दिला'. वडिलांकडून आलेला वाटा, घर आणि कुळागर, चतुःसीमा अमुक. आईचा निम्मा भाग वगळून. लिस्बनच्या वहिनींनी वाचले आणि दुसऱ्या दिवशी सही करून पाठवले.

आमच्या सह्या झाल्या त्या दिवशी एकीच्या डोळ्यांत पाणी आलेच. दुसऱ्याने विचारले, "दुःख होतंय का?" तर म्हणाली, "नाही. पण तिथल्या पोफळी आता दादाच्या, हे स्वतःला एकदा सांगावं लागलं." आजींना पेढे नेऊन दिले. त्यांनी एक खाल्ला आणि विचारले, "आवयक वाचून दाखयलें मगो?" म्हणजे, आईला वाचून दाखवलेस ना? दाखवले होते. फोनवर, मराठीतला रकाना, सावकाश, दोनदा.

ज्यांच्या घरी जुने पोर्तुगीज किंवा मोडी कागद पडून असतील त्यांनी पुढच्या कार्यक्रमाला जरूर घेऊन यावे. आजी यायला तयार आहेत. मोडी वाचणारे एक काका आपल्यातच आहेत. आणि ज्यांच्याकडे गावाहून हक्कसोडपत्र सहीसाठी आले असेल, त्यांनी ते घाईने परत टपालात टाकू नये, ही विनंती.

चूकभूल द्यावी घ्यावी.

आपलेच,
आम्ही उभयता